प्रकाश न म्हणता वाचलेली पुस्तकं

वहिनी,

परवापासून पुन्हा कामावर जायला लागले. औरंगपुऱ्यातलं आमचं ऑफिस, तेच टेबल, आणि समोर मुलांच्या एका कादंबरीची प्रुफं. लेखकानं लिहिलं होतं, 'खिडकीतून चंद्राचा प्रकाश आत आला.' माझी पेन्सिल आपोआप चालली. 'प्रकाश' खोडला, वर 'उजेड' लिहिलं, आणि मग पुढची ओळ दिसेनाच. शेजारच्या टेबलावरची मुलगी घाबरून पाणी घेऊन आली. तिला म्हटलं, काही नाही गं, डोळ्यांत काहीतरी गेलं. तिला कसं सांगणार की तो शब्द मी बदललाच नव्हता, तू बदलला होतास, मी पहिलीत होते तेव्हा.

तुला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. भेटायला येणारे सगळे एकच म्हणतात, "लई शांत बाई होती." दादा मान हलवतो, मीही हलवते. पण मनात म्हणते, तुम्ही तिला संध्याकाळी पुस्तक वाचताना ऐकलं नाही, म्हणून तुम्हाला ती शांत वाटली. गोष्टीत लांडगा आला की तू घसा खरवडून असं गुरगुरायचीस की आई चुलीपाशून ओरडायची, "अगं, शेजारी काय म्हणतील? सून आणली का जनावर आणलं?"

तू करमाडहून लग्न होऊन आलीस तेव्हा गुलमंडीच्या मागच्या बोळात आपल्या दोन खोल्या होत्या. बाबा कापडाच्या दुकानात कामाला, दादा वाळूजला एका कंपनीत लेथवर, आणि मी सगळ्यांत उशिरा झालेलं, लाडावलेलं शेंडेफळ. आईनं तुला पहिल्याच दिवशी बजावलं की नणंद लहान असली तरी नणंद आहे, तिला नावानं हाक मारायची नाही. झालं! दहावी शिकलेली, डोक्यावर पदर घेतलेली तू, समोरचे दात पडलेल्या मला म्हणायचीस, "वन्सं, इकडं या, तुमचं नाक पुसून देते." माझे पाय जमिनीवर राहीनात. आख्ख्या वर्गात कुणाला घरी अहोजाहो होत नव्हतं, मला होत होतं. मी मात्र तुला पहिल्यापासून 'तू'च म्हटलं, आणि आईनं कितीदा डोळे वटारले तरी तू ते बदलू दिलं नाहीस.

नवी नवरी नवऱ्याकडे काय मागते? साडी, नाहीतर पिक्चर. तू वाचनालयाचं कार्ड मागितलंस. पुढच्या रविवारी दादानं कार्ड आणून दिवाणावर ठेवलं. कार्ड अर्थातच त्याच्या नावावर, आणि तिथंच पंचाईत झाली. वाचनालयातले जाड चष्म्याचे चाचा विचारायचे, "किसके नाम का कार्ड है?" तू मला पुढं करायचीस. मी टाचा उंचावून ओरडायचे, "प्रकाश!" ते हसून म्हणायचे, "इत्ती छोटी और आवाज देखो!" नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडानं घ्यायचं नाही, ही रीत तू माहेराहून घेऊनच आली होतीस. तिच्यापायी मला फुकटचा मान मिळायचा, आणि वर एक पुस्तक माझ्या आवडीचं.

माझ्या आवडीचं पहिलं पुस्तक मी चित्र बघून उचललं होतं. झाडावर एक मुलगा, खाली लांडगा. मला अजून धड वाचता येत नव्हतं. संध्याकाळी कणीक मळून झाल्यावर तू हात पुसलेस, भिंतीला टेकून बसलीस आणि पुस्तक उघडलंस. पहिलंच वाक्य होतं, 'प्रकाश दहा वर्षांचा होता.' हे वाक्य मला पुष्कळ पुढं कळलं. त्या दिवशी दिसलं ते एवढंच की तू तोंड उघडलंस आणि मिटलंस. पुस्तकाकडे पाहिलंस, दाराकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. पदर सारखा केलास आणि वाचलंस, "तुमचे दादा दहा वर्षांचे होते."

मी ताडकन उठून बसले. पुस्तकात दादा! मग काय विचारता! तुमचे दादा मामाच्या गावाला निघाले. तुमचे दादा जंगलात वाट चुकले. तुमच्या दादांना भूक लागली, पण ते रडले नाहीत. पुस्तकातलं 'तो आला, तो गेला' तुझ्या तोंडून 'ते आले, ते गेले' होऊन बाहेर पडत होतं. दहा वर्षांच्या त्या पोराला जंगलातल्या अस्वलापासून पोपटापर्यंत सगळे मानानं बोलत होते. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, मलाही घरी अहोजाहोच व्हायचं.

आता दादाला तू ओळखतेसच. जेवताना 'वाढ' आणि 'बास', एवढ्यात त्याचं बोलणं संपायचं. त्या रात्री तो जेवायला बसला तेव्हा मी त्याच्याकडे डोळे फाडून बघत होते. हा माणूस एकटा जंगलातून आलाय आणि बसला आहे वरणात भाकरी कुस्करत! न राहवून विचारलं, "दादा, लांडगा केवढा होता रे?"

दादानं तुझ्याकडे पाहिलं. तुला नेमकं तेव्हाच तव्यावरच्या भाकरीत फार काम निघालं.

"मोठा व्हता," दादा म्हणाला.

"मग तू पळाला नाहीस?"

"पळून कुठं जातो? चढलो झाडावर."

वहिनी, झाडाचं त्याला कसं माहीत, हे मला इतक्या वर्षांत सुचलंच नाही. ते त्यानं आता सांगितलं, तू गेल्यावर, भेटायला आलेली मंडळी उठून गेल्यावर. म्हणाला, "पहिल्या पाळीवरून यायचो ना, तर बोळातूनच तिचा आवाज यायचा. आत गेलं की ती वाचायचं थांबवणार. म्हणून चपला काढून भायेरच उभा राहायचो, धडा संपेपर्यंत." एका दमात एवढी वाक्यं मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. तुला माहीत होतं का गं, की दाराबाहेर कोण उभं आहे? मला वाटतं, माहीत होतं. नाहीतर 'तुमचे दादा फार धीराचे होते' हे वाक्य तू दोनदोनदा कशाला वाचलं असतंस? मी नंतर शोधलं. पुस्तकात ते एकदासुद्धा नाही.

मला लिहायचंय ते आभाराचं. पण तुझे आभार मानायला गेलं की तू म्हणायचीस, "वन्सं, उगं परक्यावानी बोलू नका." म्हणून मी गोष्टीच सांगते, त्यातून काय ते समजून घे.

दुसरं पुस्तक दीपगृहाचं. समुद्रातल्या खडकावर दीपगृह, त्याचा म्हातारा राखणदार आणि त्याची मुलगी. आपण दोघींनीही समुद्र पाहिलेला नव्हता, पण तुझी अडचण समुद्राची नव्हती. त्या पुस्तकात पानापानावर प्रकाश होता. प्रकाशझोत, प्रकाशकिरण, प्रकाशमान! दोन पानं वाचून तू पुस्तक मिटलंस. "वन्सं, हे परत करू. याच्यात जिकडं तिकडं हेच हायेत." मी हट्ट धरला, भोकाड पसरलं, आणि तू आख्खं पुस्तक वाचलंस. प्रकाशझोत झाला उजेडाचा पट्टा. प्रकाशकिरण झाली तिरीप. प्रकाशमान झालं लख्ख. 'प्रकाशात न्हालेला किनारा' असं कुठंतरी होतं, ते तू 'उजेडानं आंघोळ केलेला किनारा' असं वाचलंस आणि आपण दोघी हसत सुटलो. ऊन, चांदणं, कवडसा, झळाळी, लख्ख, झगझगीत, एका शब्दाला चुकवण्यासाठी तू किती शब्द बाहेर काढलेस! मला शाळेनं मराठी शिकवली असं लोकांना वाटतं. मराठी मला त्या दीपगृहानं शिकवली, आणि ते दीपगृह तुझं होतं.

आज हेच माझं काम आहे, म्हणून सांगते, तू करायचीस ते सोपं नव्हतं. तोंडानं एक ओळ चाललेली असताना तुझे डोळे पुढच्या दोन ओळींवरून फिरून आलेले असायचे. कुठं तो शब्द दबा धरून बसलाय ते आधी हेरायचं, त्याच्या जागी बसेल असा दुसरा शोधायचा, मागचंपुढचं लिंग-वचन सांभाळायचं, आणि हे सगळं गोष्ट न अडखळू देता. तुझे डोळे जरा बारीक झाले की मला कळायचं, आता येतोय. मीही श्वास धरून बसायचे. लांडग्यापेक्षा त्याचीच मजा जास्त होती.

पुस्तकाचं पहिलं पान तू कधी गाळलं नाहीस. कुणी लिहिलं, कुणी चित्रं काढली, कुठं छापलं, सगळं वाचायचीस. 'प्रकाशक' या शब्दापाशी आलीस की म्हणायचीस, "पुस्तक काढणारे." आणि एकदा आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणालीस, "बघितलं का वन्सं, पुस्तक कुणाचंबी असू द्या, पहिल्या पानावर नाव यांचंच." काय तो थाट होता तुझा! जणू महाराष्ट्रातली सगळी पुस्तकं वाळूजच्या लेथवर तयार होत होती. पुढं मी प्रकाशन संस्थेत नोकरीला लागले तेव्हा तुझी पुन्हा पंचाईत झाली. शेजारणी विचारायच्या, नणंद कुठं असते कामाला? तू म्हणायचीस, "पुस्तकं काढतात ना, तिथं."

तिसरीत मला सरसर वाचता यायला लागलं आणि मी जंगलाचं ते पुस्तक पुन्हा आणलं. उघडलं, आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. दादा कुठंच नव्हता. एक भलताच मुलगा होता आणि त्याला सगळे 'अरे प्रकाश' म्हणत होते. मी रडत तुझ्याकडे आले. "हे दादा नाहीच! तू खोटं वाचलंस!"

तू भांडी घासत होतीस. हात न थांबवता विचारलंस, "मग कोण हाय? नाव वाचा बरं."

"प्रकाश."

"मग? दुसरं काय म्हणत होते मी?"

त्या दिवसापासून मी दादाला लांडग्याचं विचारायचं तेवढं थांबवलं. त्यानं आठवडाभर वाट पाहिली असावी. मग एक दिवस स्वतःच म्हणाला, "का गं, लांडगा मेला का?"

शाळेतला तो घोटाळा तुला आठवतो? विज्ञानाचा धडा तू माझ्याकडून पाठ करून घेतला होतास. परीक्षेत झाडं अन्न कसं तयार करतात असा प्रश्न आला. मी झोकात लिहिलं, 'या क्रियेस उजेडसंश्लेषण म्हणतात.' बाईंनी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सगळा वर्ग लोळण घेऊन हसला. वर्षभर माझं नाव 'उजेड' पडलं होतं. मी घरी येऊन पाय आपटले, तर तू शांतपणे म्हणालीस, "अर्थ चुकला का? झाडाला कळलं ना? मग झालं."

कॉलेजात गेल्यावर मात्र आपलं खरं भांडण सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मी चार पुस्तकं जास्तीची वाचली होती, चार भाषणं ऐकली होती. मला वाटायला लागलं की माझी वहिनी गुलाम आहे आणि तिला मोकळं करणं माझं काम आहे. मी तुझ्यामागं हात धुऊन लागले. "म्हण ना, वहिनी. प्रकाश. एवढंच म्हण. काय होतं बघू." तू म्हणायचीस, "काय व्हायचंय? काय नाय व्हायचं." "मग म्हण!" "काय व्हणारच नाय, तर म्हणू कशाला?"

एकदा मी रुसून दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, घर बायकांनी भरलेलं. उखाण्याची पाळी तुझ्यावर आली. तू सरळ माझ्याकडे बघत म्हणालीस,

"पानामागून पान, पुस्तक टाकलं वाचून,
प्रकाशरावांचं नाव घेते, वन्सं बसल्या रुसून."

बायकांनी मला हसून हसून नको केलं. नंतर मी तुला गाठलं, "मग तेव्हा कसं घेतलंस?" तू म्हणालीस, "तेव्हा सगळ्याजणी ऐकायला बसल्या होत्या. नाव घ्यायचं तर असं घ्यावं. उगं मिठाचा डबा मागितल्यावानी कशाला?"

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही, हे तुला स्पष्ट सांगते. तू गेलीस म्हणून मी माझी बाजू सोडणार नाही. माझी लेक तिच्या नवऱ्याला सरळ नावानं हाक मारते, भांडताना तर जास्तच मोठ्यानं, आणि मला ते ऐकायला बरं वाटतं. तुलाही वाटायचं, नाकारू नकोस. जावई आले की तू मुद्दाम कान देऊन ऐकायचीस. म्हणायचीस, "बरंय बाई तिचं, हाक मारली की माणूस लगेच वळतो. मला निम्मं आयुष्य बांगड्या वाजवाव्या लागल्या." आणि शहराचं नाव बदललं तेव्हा, जुनं म्हणायचं की नवं यावरून घरात वाद पेटले, तर तूच सगळ्यांना गप्प केलंस. "मी आपलं 'गाव' म्हणते. मला नाव न घ्यायची सवय हाय."

मग गेल्या वर्षी तुला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, आणि वाचा गेली.

वाचा पुरती गेली नव्हती, तुटकी झाली होती. दवाखान्यातली स्पीच थेरपिस्ट मुलगी मुंबईकडची होती. तरुण, गोड, चिकाटीची. ती तुला चित्रं दाखवायची. बादली. चमचा. कुत्रा. तू खूप वेळ लावून काही सांगायचीस, काही राहून जायची. एक दिवस तिनं खुर्चीवर बसलेल्या दादाकडे बोट केलं. "आजी, हे कोण? यांचं नाव काय?" तू दादाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, हसलीस आणि खाली बघितलंस. तिनं दोनतीनदा विचारलं.

बाहेर येऊन तिनं आम्हाला हळू आवाजात समजावलं की अशा आजारात घरच्यांची नावंही जातात, मिस्टरांचं नाव त्यांना सध्या आठवत नाहीये, धीर धरा. मी म्हटलं, अहो, ती नाव घेतच नाही, उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. ती मुलगी विचारात पडली. म्हणाली, "मग आता आपण कसं ओळखायचं? आठवत नाही की घेत नाहीत?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. ते ओळखण्याचा काही मार्गच नव्हता. हसायचीस तर तू सगळ्यांकडे बघून, फरशी पुसणाऱ्या मावशींकडे बघूनसुद्धा. घरी आल्यावर दादानं मला बाजूला घेतलं. "नावाचं जाऊ दे गं," तो म्हणाला. "ती मला वळखते का? एवढंच सांग." मी काय काय करून पाहिलं. तुला उखाणा घ्यायला सांगितला, तू हसलीस. शेवटी मी जुन्या भांडणातल्यासारखी तुझ्यासमोर बसले आणि म्हटलं, "म्हण वहिनी, प्रकाश." तू तोंड भिंतीकडे केलंस. तो तुझा हट्ट होता की थकवा, तेही कळलं नाही.

दादा त्यानंतर प्रत्येक वेळी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात यायचा. तुझ्या समोरच्याच खुर्चीत बसायचा. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. सगळा जन्म ज्यानं चार शब्दांत काढला, तो माणूस आता तुझ्या एका शब्दाची वाट बघत बसला होता.

पुढं तुझं वाचन जरा सुधारलं. त्या मुलीनं मोठ्या अक्षरांतली वाक्यं आणली. 'कुत्रा भुंकतो.' तू वाचलंस. 'आई भात वाढते.' वाचलंस. 'गाडी रस्त्यावर उभी आहे.' अडखळलीस, पण जसं होतं तसं वाचलंस, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मग तिनं पुढचा कागद धरला. 'सकाळी घरात प्रकाश आला.'

मी तुझ्या मागं उभी होते, मला ते वाक्य दिसलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी मनातल्या मनात ओरडले, वहिनी, नको म्हणूस. आयुष्यभर जे तू म्हणावंस म्हणून भांडले, ते आज म्हणू नकोस. दादालाही कागद दिसत होता. तो खुर्चीच्या कडेवर आला होता.

"सकाळी," तू म्हणालीस. "घरात." आणि थांबलीस. तुझे डोळे बारीक झाले.

"प्र," ती मुलगी मदत करू लागली. "आजी, प्र..."

तू मान हलवलीस. डाव्या हातानं पदर ओढून डोक्यावर घेतलास, आणि अगदी सावकाश, एकेक अक्षर ओढून आणत म्हणालीस, "उ... जेड. उजेड आला."

"नाही आजी, नीट बघा," ती म्हणाली, आणि आमच्याकडे वळून सांगू लागली की असं होतं, तसाच दुसरा शब्द तोंडात येतो. दादा उभा राहिला होता. त्याचा आवाज एवढा मोठा झालेला मी कधी ऐकला नव्हता. "चुकली नाय ती. बाई, चुकली नाय ती! वळखलं तिनं." ती बिचारी बघतच राहिली. मी हसत होते की रडत होते ते मलाही समजत नव्हतं. आणि तू, वहिनी, तू कागद बाजूला सारलास आणि पाणी मागितलंस.

त्यानंतर तू नाव घेतेस की नाही, याची कुणी काळजी केली नाही. पुढचे महिने दादा रोज संध्याकाळी तुझ्याजवळ बसायचा, वर्तमानपत्र उघडून, आणि मोठ्यानं वाचायचा. वाचायची त्याला मुळीच सवय नाही, जोडाक्षर आलं की ठेचकाळायचा. तू डोळे मिटून ऐकायचीस. मध्येच चुकला की एक डोळा उघडायचीस. मला ते महिने मिळाले याबद्दल मी कुणाचे आभार मानू कळत नाही. तुझेच मानते, परक्यासारखं वाटलं तरी.

दुसरा झटका मोठा होता. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

गेल्या आठवड्यात मी आणि दादा तुझ्या मृत्यूच्या दाखल्यासाठी गेलो होतो. खिडकीपुढं ही भली मोठी रांग, वर खडखडणारा पंखा. आमचा नंबर आला तेव्हा आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "मयताचं संपूर्ण नाव?"

दादा बोलेना. मला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि उमगलं. तोंड उघडलं होतं, शब्द येत नव्हता. आणि तिथं उभ्याउभ्या मला आठवेना, की दादानं तुला नावानं हाक कधी मारली. 'अगं', 'ऐकलं का', फार तर 'घरात विचारून सांगतो'. तुझं नाव मी त्याच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नव्हतं. तुझं पूर्ण नाव तर तुम्हा दोघांनाही अवघड होतं. कुणी विचारलं की तू आपलं नाव सांगायचीस, मधलं गाळून आडनाव सांगायचीस. त्यानं तेवढंसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आणि मी इतकी वर्षं भांडले ती एकट्या तुझ्याशी! तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

"नाव सांगा बाबा, मागं लोक थांबलेत."

मी सांगायला पुढं सरकले. दादानं माझा दंड धरला आणि मला मागं केलं.

"शोभा," तो म्हणाला. थांबला, श्वास घेतला. "शोभा प्रकाश," आणि मग आपलं आडनाव.

"मोठ्यानं बोला, पंख्याचा लई आवाज हाय. मधलं काय म्हणलात?"

दादानं दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाला, "शोभा प्रकाश."

आतल्या माणसानं लिहून घेतलं. "आणि तुम्ही कोण त्यांचे?"

"मधलं नाव माझं हाय," दादा म्हणाला.